दुपारच्या झोपेतला अण्णा

दुपारचे सव्वादोन वाजले होते आणि पुण्यातल्या त्या नाट्यगृहात सहाशे माणसं तिकीट काढून झोपली होती.

तिकीट काढून झोपणारे प्रेक्षक पूर्वीही होतेच; पण ते कलाकाराच्या नशिबात असायचे, जाहिरातीत नसायचे. इथं मात्र सगळा बेतच झोपेचा होता. खुर्च्या मागं कललेल्या, पडदे गडद निळे, पंख्यांची घरघर मुद्दाम ठेवलेली, आणि प्रत्येकाच्या कपाळावर दोन बोटं रुंदीची मऊ पट्टी. रंगमंचावर साध्या खुर्चीत बसून प्रसन्ना मगदूम हळू आवाजात बोलत होता.

"...तर राजदरबार भरलाय. राजा म्हणजे मी. वय वर्षं दहा, मिशी काजळाची. आता मी असं काही बोलणार की प्रमुख पाहुण्यांच्या डोळ्यांत पाणी येणार. आणि पाणी आलंच. बादलीतून आलं. आमचा अण्णा..." प्रसन्ना थांबला. हा विराम त्यानं चारशे प्रयोगांत घोटून घोटून बसवला होता. "...पडदा ओढायचं काम त्याच्याकडं होतं. त्यानं बादली ओढली."

तिसऱ्या रांगेतले एक आजोबा झोपेत हसले. मग बाल्कनीत कुणीतरी, मग डावीकडं पाच-सहाजण. झोपेतल्या हसण्यात दुसऱ्याला दाखवण्याचा भाग नसतो. ते नाकात सुरू होतं, खांद्यापर्यंत येतं आणि विरून जातं. अंधाऱ्या सभागृहात ते असं इथं-तिथं उमटायला लागलं की प्रसन्नाला आपण माणसांत नसून कुठल्यातरी उबदार पाण्यात बसलो आहोत असं वाटे. पहिल्या वर्षी त्याच्या अंगावर काटा यायचा. आता त्याला त्याची चटक लागली होती.

माणूस झोपेत शिरतो तेव्हा पहिली काही मिनिटं तो ना इकडचा असतो ना तिकडचा. आवाज कानावर पडत असतो, पण कुणीतरी दुसरं बोलतंय ही जाणीव सुटलेली असते. मेंदू ते शब्द आपलेच समजतो आणि त्यांची चित्रं करायला घेतो. ही अवस्था एरवी फार टिकत नाही. माणूस एक तर जागा होतो, नाही तर खोल बुडतो. पट्टी एवढंच करायची, की मेंदूच्या लहरी वाचून माणूस बुडायला लागला तर आवाज किंचित वाढवायची, जागा व्हायला लागला तर कमी करायची. वीस-पंचवीस मिनिटं त्याला झोपेच्या उंबरठ्यावर बसवून ठेवायची. रात्री दमलेलं शरीर तडक खोल जातं. दुपारची डुलकी मात्र उंबरठ्यावरच रमते. म्हणून प्रसन्नाच्या पॉडकास्टचं नाव होतं 'वामकुक्षी', आणि दुपारी एक ते चार दुकान बंद ठेवण्यावरून ज्यांची जन्मभर टिंगल झाली, त्या समस्त लोकांनी तो डोक्यावर घेतला होता. शब्दशः डोक्यावर.

प्रयोग संपल्यावर अकोल्याहून आलेल्या एक बाई त्याला भेटायला थांबल्या. पन्नाशीच्या, बँकेतल्या.

"तुमच्या अण्णानं माझा फ्रॉक भिजवला होता," त्या हसत म्हणाल्या. "मी पुढच्याच रांगेत होते ना."

"तुम्ही आमच्या शाळेत होता?"

"नाही हो, अकोल्याच्या. मला समजते की ते तुमचं आहे. पण आठवते मला माझंच. मी एकुलती एक. आता वाटते, की मला एक भाऊ आहे. वेंधळा, पण आपला."

हे ऐकून प्रसन्नाची छाती फुगली. लाखभर लोकांना त्यानं अण्णा वाटून दिला होता. खुद्द अण्णाला विचारायचं मात्र त्याच्या कधी डोक्यात आलं नव्हतं.

अण्णा म्हणजे त्याचा पाच वर्षांनी थोरला भाऊ, भरत मगदूम. जयसिंगपुरात मिक्सर आणि पाण्याच्या मोटारी दुरुस्त करण्याचं त्याचं दुकान. प्रसन्ना पुण्यात आला, कॉलेज सोडून कॅफेच्या गच्चीवर सात-आठ जणांसमोर विनोद सांगायला लागला, तेव्हा पहिली दोन वर्षं त्याच्यावर कुणी हसेना. मग एकदा त्यानं शाळेच्या गॅदरिंगची गोष्ट काढली. ती तो खरी सांगणार होता. निम्म्यात आल्यावर समोरच्या टेबलावरच्या एका मुलीकडं त्याचं लक्ष गेलं, जीभ अडखळली, आणि मधला एक तुकडा गाळून तो सरळ बादलीवर आला. गच्ची हसली. आयुष्यात पहिल्यांदा हसली.

विनोदवाल्यांची एक रीत असते. ज्यावर हसू येतं ते ठेवायचं, ज्यावर येत नाही ते कापायचं. खरं-खोटं हा प्रश्न त्या कात्रीला पडत नाही. चारशे प्रयोगांत गोष्ट कातरत कातरत इतकी गुळगुळीत झाली की अण्णा पार वेंधळा होऊन बसला. मग त्याला शोभतील अशा आणखी बारा गोष्टी आल्या: अण्णा आणि लग्नातला पाट, अण्णा आणि इन्स्पेक्टरचा चष्मा. त्या बाराही बिनबुडाच्या. 'वामकुक्षी' चालली ती या अण्णाच्या जिवावर.

मार्चमध्ये वहिनीचा फोन आला.

"भावजी, जरा येऊन जावा. ह्यांनी पाना धरायचं सोडलंय."

"हात दुखतोय का?"

"हात चांगला हाय. मन बिघडलंय. गिऱ्हाईक मिक्सर आणतंय आणि हे परत पाठवत्यात. म्हणत्यात, माझ्या हातनं फुटंल, सांडंल. अवो, वीस वर्षांत ह्यांच्या हातनं एक वायसर खाली पडल्याला मी बघितला न्हाई."

जयसिंगपूरच्या गल्ल्या आखून काढल्यासारख्या सरळ. बाहेरगावाहून आल्यावर त्या सरळपणात प्रसन्नाला नेहमी बरं वाटायचं. पण दुकानाशी येऊन तो थबकला. मोडक्या मिक्सरांचे ढीग गेले होते. भिंतीवर फोटो होते. अण्णा आणि अनोळखी माणसं, अण्णा आणि अनोळखी माणसं, प्रत्येक फोटोत अण्णाच्या हातात एक प्लॅस्टिकची बादली. लोक येताना घेऊनच यायचे.

"आलास व्हय? बस की," अण्णा म्हणाला. त्याचं वजन उतरलं होतं. "ही सोलापूरची मंडळी. तुझी गोष्ट ऐकायला आल्यात."

आणि त्या दोघांना तो गोष्ट सांगायला लागला. पाहुण्यांच्या डोळ्यांत पाणी येणार. आणि पाणी आलंच. बादलीतून आलं. "पडदा ओढायचं काम..." अण्णा थांबला. नेमका तिथंच, नेमका तेवढाच. "...माझ्याकडं हुतं. मी बादली ओढली."

सोलापूरची मंडळी खो खो हसली. हा विराम अण्णाचा नव्हता. शब्दही अण्णाचे नव्हते.

पाहुणे गेल्यावर त्यानं विचारलं, "अण्णा, तू पट्टी लावतोस?"

"रोज. दीडला शटर निम्मं वढतो आणि पडतो. भावाचा कार्यक्रम ऐकायला नको व्हय?" अण्णाचा चेहरा उजळला, मग लगेच उतरला. "त्या दिशी तुझ्या नाटकाचं वाटोळं केलं बग मी. एवढा राजा झालतास. पर तू कधी रागावला न्हाईस."

"अण्णा, तसं झालं नव्हतं."

"मला दिसतंय की. दोरीत पाय अडकला, तोल गेला..."

"तोल गेला नव्हता. तू मुद्दाम ओतलंस. मी..." चाळिशी उलटलेल्या, हजारोंसमोर बोलणाऱ्या प्रसन्नाचे कान तापले. "माझा पायजमा ओला झाला होता. भीतीनं. कुणाला दिसू नये म्हणून तू आलास."

अण्णानं त्याच्याकडं मायेनं पाहिलं, पाठीवर हात ठेवला.

"लई गुणाचा हाईस. मला बरं वाटावं म्हनून सोताची चड्डी वली करालास."

वहिनी दारात उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला आणि आत निघून गेली.

पट्टीमागचं संशोधन डॉ. केतकी सोहोनींचं होतं. प्रसन्ना पुण्याला परतला तो थेट त्यांच्या प्रयोगशाळेत गेला आणि अण्णाचं सगळं सांगून बसला. बाई कमी बोलणाऱ्या, पण बोलल्या की समजावून बोलणाऱ्या.

"गुऱ्हाळ पाहिलंय ना तुम्ही?"

"आमच्याकडचंच आहे ते."

"मग सोपं आहे. आठवण म्हणजे गुळाची ढेप असं आपण समजतो. एकदा घट्ट झाली की झाली. पण तसं नसतं. माणूस आठवण काढतो तेव्हा ती ढेप पुन्हा वितळते, काकवी होते. त्या वेळी तिच्यात जे पडेल ते घेऊन ती परत घट्ट होते. जागेपणी आपण चाळून घेतो. हे माझं, हे ऐकीव. झोपेच्या उंबरठ्यावर चाळणी नसते. आणि हसू आलं की ढेप फार लवकर घट्ट होते. तुमचा कार्यक्रम लोकांना इतका का आवडतो, त्याचं कारण हेच."

"अकोल्याच्या बाईंना कळतं की ते त्यांचं नाही."

"कारण त्यांच्याकडं मूळ असं काही नव्हतं. तुमच्या भावाकडं होतं. तुम्ही रोज दुपारी तेच वितळवलंत."

प्रसन्नानं विचारलं, "खरं काय ते सांगितलं तर?"

"जागेपणी सांगितलंत तर ती माहिती होते. आठवण होत नाही. उंबरठ्यावरच सांगावं लागेल, आणि हसवावं लागेल. नुसतं गंभीर सांगितलंत तर वाहून जाईल."

"फक्त त्याच्यापुरता एक भाग केला तर?"

"कराल. पण दुसऱ्या दिवशी सोलापूरचं कुणीतरी बादली घेऊन दारात येईल." त्यांनी चष्मा काढला. "सगळ्यांचीच गोष्ट बदलावी लागेल, प्रसन्ना. तुमचा सगळा कार्यक्रम वेंधळ्या अण्णावर उभा आहे, हे मला माहीत आहे. आणि एक सांगते. आत मूळ काही उरलंय की नाही हे आमच्या यंत्रांना दिसत नाही. उरलं नसेल, तर तुमचे भाऊ तुमचेच शब्द तुम्हाला परत सांगतील. उरलं असेल, तर तुम्ही न सांगितलेलं काहीतरी त्यांच्याकडून येईल."

घरी येऊन प्रसन्ना लिहायला बसला आणि पहिल्याच ओळीला अडला. त्याला स्वतःलाच तो प्रसंग तिसऱ्या रांगेतून दिसत होता. राजा लांब, रंगमंचावर. आणि प्रसन्ना प्रेक्षकांत. सांगून सांगून तो कधी खाली उतरून बसला ते त्याचं त्यालाच कळलं नव्हतं. त्याला भीती वाटली, की अण्णाचं बरोबर असलं तर? मग त्यानं डोळे मिटले आणि चित्र सोडून दिलं. चित्राखाली एक गोष्ट तशीच होती: मांडीवरून गुडघ्याकडं उतरत जाणारी ऊब, आणि ती थांबत नाही ही जाणीव. ती तिसऱ्या रांगेत बसून कळण्यासारखी नव्हती.

पहिल्या आठवड्यात त्यानं जे लिहिलं त्यात अण्णा थोर होता. डॉक्टरबाईंनी वीसजणांना पट्ट्या लावून झोपवलं. एकाच्याही खांद्याला हालचाल नाही. मोठ्या मनाच्या माणसावर कुणी हसत नाही, त्याला हार घालतात. दुसऱ्या आठवड्यात त्यानं मुख्याध्यापकांवर विनोद केले, पाहुण्यांवर केले, पायजम्यावर केले. फक्त पायजम्यातल्या मुलाला कडेकडेनं टाळलं. थोडं हसू आलं आणि गेलं.

तिसऱ्या आठवड्यात तो स्वतःशी कबूल झाला. त्या दिवशी सगळी शाळा हसली ती अण्णावर. पण दहा वर्षांच्या प्रसन्नानं मनाशी ठरवलं, की यापुढं लोक हसतील तेव्हा कशावर हसायचं ते मी सांगेन. तेवढ्यासाठी तो विनोदवाला झाला होता. तीस वर्षं तो त्या ओल्या पायजम्यापासून पळत होता आणि पळताना अण्णाला पुढं ढकलत होता. हे कळल्यावर त्याला फार लाज वाटली. मग तो लिहायला लागला, आणि सकाळ होती त्याची दुपार झाली तरी त्याचं त्याला हसू येत राहिलं.

प्रयोग त्यानं नाट्यगृहात ठेवला नाही. एका मंगळवारी दीड वाजता तो अण्णाच्या दुकानात, उलट्या खोक्यावर, माइक घेऊन बसला. शटर निम्मं खाली. चटईवर अण्णा उशाला हात घेऊन पडलेला, कपाळावर पट्टी. त्याच वेळी राज्यभर लाखभर माणसं आपापल्या चटयांवर, सोफ्यांवर, गल्ल्याच्या मागं डोळे मिटत होती. वहिनी पट्टी न लावता स्टुलावर बसली होती. तिला जागं राहायचं होतं.

"राजदरबार भरलाय," प्रसन्ना हळू म्हणाला. "राजा म्हणजे मी. अंगात बहिणाबाई टेलरनं शिवलेला पांढरा साटिनचा पायजमा, सिंहासन म्हणजे मुख्याध्यापकांची खुर्ची. मला वाक्य होतं एकच. 'प्रधानजी, राज्याची खबर काय?' प्रधान आला, वाकला, थांबला. राजा गप्प. प्रधान पुन्हा वाकला. राजा गप्प. शेवटी प्रधानच म्हणाला, 'महाराज, तुम्ही मला राज्याची खबर विचारणार होता. खबर ठीक आहे.' एवढ्या समजूतदार प्रधानाला राजानं बक्षीस द्यायला हवं होतं. पण राजा दुसऱ्याच कामात होता. राज्यात पूर आला होता, आणि उगम राजापाशी होता."

चटईवर अण्णाचे ओठ हलले.

"मुख्याध्यापकांची खुर्ची वेताची. म्हणजे जाळीची. खाली धार लागलेली. पहिल्या रांगेतल्या एका पोरानं बोट वर केलं. मला वाटलं, राजासाठी प्रार्थना करावी, की वीज जावी, भूकंप व्हावा, शत्रूनं हल्ला करावा. आणि देवानं शत्रू पाठवला. पडद्याआडून, आग विझवायची बादली घेऊन, माझा भाऊ. नाटकात नसलेला. संवाद नसलेला. सरळ चालत आला. पडद्याची दोरी त्याच्या वाटेपासून चांगली चार हात लांब होती. तिच्यापर्यंत जाऊन, तिच्यात स्वतःच्या हातानं पाय घालून, तो पडला, आणि बादली राजाच्या अंगावर. इतकं वाईट नाटक आमच्या शाळेत कुणी केलं नाही. आणि सहाशे माणसांनी त्याच्यावर विश्वास ठेवला. कारण ते सगळे त्याला हसत होते, आणि माझ्या पायजम्याकडं बघायला कुणाला सवड नव्हती."

अण्णा हसला. आधी नाकातून, मग खांदे हलले, मग झोपेतच पोटावर हात ठेवून तो असा हसला की वहिनीही हसू लागली. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

प्रसन्ना पुढं बोलत राहिला. मुख्याध्यापकांनी अण्णाच्या हातावर मारलेल्या सहा पट्ट्या, त्याला कायमचं चिकटलेलं 'बादली' हे नाव, घरी त्यानं ताकास तूर लागू न देणं. सगळं, राजाच्या नावानं हशा वसूल करत करत. शेवटी तो म्हणाला, की माझ्या बारा गोष्टी खोट्या आहेत आणि त्यातला वेंधळा मी आहे. मग त्यानं माइक बंद केला.

अण्णा जागा झाला. उठून बसला, पट्टी काढून हातात घेतली. शटरखालून आलेला उन्हाचा पट्टा फरशीवर होता, त्याच्याकडं तो बराच वेळ बघत राहिला. प्रसन्नाला विचारायचा धीर होईना. आता हा काय सांगेल? आपलेच शब्द?

"निम्मी वतली हुती मी," अण्णा म्हणाला.

"काय?"

"बादली. काठोकाठ भरल्याली. डिसेंबरातलं पानी, बर्फागत. तुला त्या वक्ताला गार लागलं की धाप लागायची. म्हनून पडद्यामागं निम्मी वतली, मग आलो." त्यानं कपाळ चोळलं. "त्यात उशीर झाला जरा. न्हाईतर त्या पोराला बी दिसलं नसतं."

हे प्रसन्नानं सांगितलं नव्हतं. हे त्याला कधी माहीतच नव्हतं. त्याला रडू आलं आणि त्यानं ते लपवलं नाही. उशीर झाला म्हणून तीस वर्षांनी अण्णाला वाईट वाटत होतं.

"ह्ये बी सांगनार व्हय लोकास्नी?" अण्णानं विचारलं.

"नाही."

"का? हसतील की."

"हे मला एकट्याला राहू दे, अण्णा."

अण्णानं त्याच्याकडं पाहिलं, मान हलवली, आणि गुडघ्यावर हात टेकून उभा राहिला.

"बरं. सरक जरा. शटर उघडू दे, गिऱ्हाईक थांबलं असंल."